‘फुटली’, ‘फोडली’ आणि मधली तीन वर्षे

जून २०२२ मध्ये जपानी शिकायला लागले तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. जपानी भाषेच्या परीक्षेची एन-३ ही मधली पातळी उत्तीर्ण झाल्याचा निकाल ऑगस्ट २०२५ मध्ये लागला. मधल्या तीन वर्षांत चार वेळा परीक्षेला बसले, एकदा नापास झाले आणि दोनदा क्लास सोडून देण्याच्या बेतात होते. सुरुवातीला मी माहिती शोधत होते तेव्हा जे सापडले ते बहुतेक विशीतल्या मुलामुलींनी लिहिलेले होते; त्यांना जपानला जायचे होते आणि त्यांच्या हाताशी अख्खा दिवस होता. नोकरी, घर आणि शाळकरी मूल सांभाळून हे कसे जमवायचे, किती पैसे लागतात, अर्जात कुठे अडकायला होते, याबद्दल फारसे काही मिळाले नाही. दुसरी भाषा शिकली की माणूस वेगळा विचार करू लागतो, असे मात्र जो तो सांगत होता. तो वेगळा विचार म्हणजे नेमके काय, हे मला पावणेदोन वर्षांनी आणि तेही स्वतःच्या एका चुकीमुळे कळले. ते सगळे क्रमाने सांगते.

मी चाकणजवळच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. वाहनांचे सुटे भाग आम्ही ज्यांना पुरवतो त्यांतली एक कंपनी जपानी आहे. दर मंगळवारी तिच्या लोकांबरोबर ऑनलाइन बैठक असते आणि बैठकीला दुभाषी मुलगी असते. समोरचे गृहस्थ पाच मिनिटे बोलायचे आणि ती ते एका वाक्यात सांगायची. उरलेल्या साडेचार मिनिटांत काय होते, ही रुखरुख मला वर्षभर लागून राहिली होती. शिकायला लागण्यामागे एवढेच कारण होते. कंपनीने सुचवले नव्हते आणि फीही दिली नाही.

टिळक रस्त्यावरच्या एका लहानशा क्लासात नाव घातले. शनिवार-रविवार, सकाळी साडेसात ते साडेनऊ; पहिल्या पातळीची फी बारा हजार. शिकवणाऱ्या बाई साठी ओलांडलेल्या, मूळच्या सदाशिव पेठेतल्या, आणि आम्ही सगळे त्यांना सेन्सेई म्हणायचो. १८ जूनला पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर अ, इ, उ, ए, ओ अशी आडवी ओळ लिहिली, ‘अ’च्या खाली क, स, त, न, ह, म, य, र, व अशी उभी ओळ उतरवली आणि विचारले, “हा क्रम कुठे पाहिलाय?” वर्गात क्षणभर कोणी बोलले नाही आणि मग सगळे एकदम हसले. संस्कृत लिहिण्याच्या सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीचा बौद्ध भिक्षूंनी जो अभ्यास केला त्यातून हा वर्णक्रम जपानीत रुजला. आपल्या च-वर्गाच्या जागी तिथे ‘स’ बसला आहे, आणि प-वर्गाच्या जागी ‘ह’ आहे तो त्या ध्वनीचा उच्चार पूर्वी ‘प’ असा होता म्हणून. जपानी शब्दकोशात शब्द कुठे शोधायचा हे त्यामुळे आम्हांला पहिल्याच दिवशी निम्मे कळले. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांची प्रत्येकी ४६ अक्षरे घोटायला मला सहा आठवडे लागले. कांजी म्हणजे चिनीतून आलेली चिन्हे; त्यांपैकी रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेली यादी २,१३६ चिन्हांची आहे, असे सेन्सेईंनी दुसऱ्या आठवड्यात सांगितले, आणि तिसऱ्या आठवड्यात वर्गातले चार जण आले नाहीत.

परीक्षेविषयी थोडे. जेएलपीटी ही जपानी न येणाऱ्या घरांत वाढलेल्यांची जपानी तपासणारी परीक्षा १९८४ पासून घेतली जाते आणि २०१० पासून तिच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्या आहेत. एन-५ सर्वांत सोपी. जुलै आणि डिसेंबर या दोन महिन्यांच्या पहिल्या रविवारी ती होते. संपूर्ण परीक्षा पर्यायी उत्तरांची असते. बोलण्याची किंवा लिहिण्याची चाचणी तीत नसते, त्यामुळे प्रमाणपत्र पाहून समोरचा माणूस किती बोलू शकतो हे सांगता येत नाही. अर्ज काही महिने आधी भरावा लागतो आणि केंद्रावरच्या जागा मर्यादित असतात, म्हणून अर्ज सुरू झाल्याच्या आठवड्यातच भरून टाकावा. अर्ज भरताना आठ अंकी पासवर्ड द्यावा लागतो. पुढे ऑनलाइन निकाल बघताना तोच लागतो, आणि तोवर तो कोणालाही आठवत नाही. मी तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवत असे.

अर्जात मातृभाषा विचारतात. तिथे ‘मराठी’ भरताना कारण नसताना बरे वाटले. पहिल्या अर्जात मात्र मी घोळ घातला. पासपोर्टवर माझे माहेरचे आडनाव आहे आणि आधारवर सासरचे. अर्जात एक घातले आणि ओळखपत्र म्हणून दुसरे जोडले. चूक ध्यानात आल्यावर केंद्राला मेल केली, दोन वेळा फोन केला आणि सोळा दिवसांनी दुरुस्ती झाली. त्या मेलकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे. तुम्ही अर्ज भराल तेव्हा परीक्षेच्या दिवशी जे ओळखपत्र दाखवणार आहात ते समोर ठेवून त्यावरची अक्षरे एकेक करून उतरवा.

एन-५ची परीक्षा ४ डिसेंबर २०२२ रोजी दिली. आजूबाजूला माझ्या लेकीहून फार मोठी नसलेली मुले होती आणि एकाने मला पर्यवेक्षक समजून “मॅडम, टॉयलेट कुठेय?” असे विचारले. एचबी पेन्सिली, खोडरबर आणि साधे हातघड्याळ यांखेरीज काही लागत नाही. मोबाइल वाजला तर परीक्षा तिथेच संपते, तेव्हा तो बंद करून ठेवलेला बरा. जानेवारीच्या अखेरीस निकाल लागला. पास झाले होते. घरी श्रीखंड आणले, एवढेच.

खरी गंमत पुढच्या वर्षी, एन-४च्या अभ्यासात आली. सेन्सेईंनी ‘ताबेते मिरु’ हा प्रयोग शिकवला. ‘ताबेते’ म्हणजे खाऊन, ‘मिरु’ म्हणजे बघणे. दोन्ही मिळून ‘खाऊन बघणे’. डोळ्यांनी न बघता जिभेने चाखण्याला ‘बघणे’ म्हणणारी दुसरी एक भाषा इतक्या दूर असेल, हे मला खरेच वाटेना. मग ‘शिते ओकु’ आले, म्हणजे ‘करून ठेवणे’. ‘मोत्ते इकु’ म्हणजे घेऊन जाणे आणि ‘मोत्ते कुरु’ म्हणजे घेऊन येणे. ‘काल आलेला माणूस’ यातले ‘काल आलेला’ जसे माणसाच्या आधी बसते तसेच तिथेही बसते. क्रियापद शेवटी, शब्दयोगी अव्यये नामानंतर, ‘मला आवडते’ यात ‘मी’ कर्ता नाही, हे सगळे ओळखीचे. वर्गातली काही मुले प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत नेऊन मग जपानीत आणत होती आणि दमत होती, सेन्सेई त्यांना म्हणायच्या, “अरे, मुंबईला जायला कोल्हापूरवरून कशाला जाताय?” मराठी माणसाने जपानी मराठीतूनच शिकावी, हा माझा या सबंध अनुभवातला सर्वांत उपयोगी सल्ला आहे, आणि त्याला एकही रुपया लागत नाही.

साम्य जिथे संपते तिथे मी अडखळू लागले, आणि विचार करणे तिथेच सुरू झाले. जपानीत परक्या माणसाशी बोलताना आपल्या माणसांबद्दल आदरार्थी बोलत नाहीत. दुसऱ्या कंपनीच्या माणसाला आपले साहेब बाहेर गेले आहेत हे सांगायचे, तर साहेबांच्या नावापुढे ‘सान’ लावायचे नाही, कारण त्या क्षणी साहेब ‘आपल्यातले’ असतात. मी एका बैठकीत आमच्या साहेबांना ‘सान’ लावले, तेव्हा पलीकडे कोणी काही बोलले नाही. दुभाषी मुलीने मात्र नंतर हळूच सांगितले. स्वतःच्या आईला परक्यापुढे ‘हाहा’ म्हणायचे आणि दुसऱ्याच्या आईला ‘ओकाआसान’. मी वहीत दोन्ही शब्दांपुढे मराठी अर्थ लिहीत होते, ‘आमची आई आली’ आणि ‘तुमच्या आई आल्या’, आणि लिहिता लिहिता थबकले. ही विभागणी आपल्याकडेही आहे. फक्त ती आईपुरती आहे. वडिलांबद्दल बोलताना मी ‘आमचे बाबा आले’ असेच म्हणते, घरात आणि बाहेरही. बाबा आले, आई आली. चाळीस वर्षे हे बोलत होते आणि कधी कानाला लागले नव्हते. यात प्रेम किती आणि उतरंड किती, याचा निवाडा मी करू शकत नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी आईला फोन केला तेव्हा ‘तू जेवलीस का’ म्हणताना मी पहिल्यांदाच तो एकेरी शब्द ऐकला.

एन-४ ची परीक्षा ३ डिसेंबर २०२३ रोजी झाली आणि तीही निभावली. जानेवारी २०२४ मध्ये एन-३चा वर्ग सुरू झाला. या पातळीची फी अठरा हजार होती.

मार्चमध्ये ती गोष्ट घडली. एका शाफ्टच्या मापांची तीन दिवसांची नोंद असलेल्या फाइलवर मी चौथ्या दिवशीची फाइल त्याच नावाने सेव्ह केली. जुनी नोंद गेली. मंगळवारच्या बैठकीत नेमकी दुभाषी मुलगी रजेवर होती आणि मी, थोड्या उत्साहानेच, जपानीत सांगितले: “देता गा किएमाशिता.” डेटा नाहीसा झाला. व्याकरणात चूक नव्हती. पलीकडचे इंजिनिअर, माझ्यापेक्षा वयाने मोठे आणि एरवी प्रत्येक वाक्याला ‘हाइ, हाइ’ करणारे, गप्प झाले. मग त्यांनी विचारले, “दोशिते देसु का?” कशामुळे? मी म्हणाले, “वाकारिमासेन,” म्हणजे कळत नाही. ते खरे नव्हते. कशामुळे ते मला पक्के ठाऊक होते, पण ‘नाहीसा झाला’ असे एकदा म्हटल्यावर पुढचे वाक्य त्याच वाटेने गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हाय-व्हाय मागवले. कारखान्यात काम करणाऱ्यांना हे ठाऊक असते: एक चूक घ्यायची, ‘का?’ विचारायचे, उत्तराला पुन्हा ‘का?’ विचारायचे, असे पाच वेळा करत मुळाशी जायचे. टोयोटाच्या कारखान्यांतून ही पद्धत जगभर गेली. मी तक्ता भरायला घेतला. नोंद का गेली? जुन्या फाइलवर नवी फाइल सेव्ह झाली. का सेव्ह झाली? दोन्हींना एकच नाव दिले गेले. का दिले गेले? नाव बदलायचे राहून गेले. का राहून गेले? इथे मी अडकले. झाली, दिले गेले, राहून गेले: तीन पायऱ्या उतरले तरी त्या खोलीत अजून कोणी माणूस आलेला नव्हता, आणि ज्या खोलीत माणूसच नाही तिथे चौथ्या ‘का?’ ला उत्तर कोण देणार?

शनिवारी क्लास सुटल्यावर सेन्सेईंना सगळे सांगितले. त्यांनी माझे वाक्य कागदावर लिहिले आणि पेन्सिलीचे टोक त्यावर ठेवून विचारले, “यात तू कुठे आहेस?”

मी म्हणाले, “मी नाहीच आहे. डेटा आहे.”

“अगं, तेच त्यांना खटकलं. दिवा गेला, तिथं ‘किएमाशिता’ ठीक. तुझ्या हातून गेलंय आणि तू म्हणतेस गेलं!”

मग त्यांनी खाली दुसरे वाक्य लिहिले: “देता ओ केशिते शिमाइमाशिता.” ‘किएरु’ म्हणजे विझणे, नाहीसे होणे, ‘केसु’ म्हणजे विझवणे, नाहीसे करणे. पुढचे ‘शिमाइमाशिता’ सांगते की व्हायला नको होते ते होऊन बसले, आणि त्याचे मला वाईट वाटते आहे. म्हणजे हात माझा, हेतू माझा नव्हता, आणि खंतही माझी, असे तीनही एका क्रियापदात येते. फुलदाणी फुटली तरी तेच. आपली चूक सांगताना ‘वारेमाशिता’, म्हणजे फुटली, असे म्हणणारा माणूस अंग काढून घेतोय असे ऐकणाऱ्याला वाटते. तिथे ‘वात्ते शिमाइमाशिता’च हवे.

घरी येताना बसमध्ये मी याचे मराठी करून बघत होते. फुटणे–फोडणे, तुटणे–तोडणे, विझणे–विझवणे अशा जोड्या आपल्याकडेही ढिगाने आहेत, जपानीसारख्याच. ‘बरणी फुटली’ म्हटले की मी सुटले. ‘मी बरणी फोडली’ म्हटले की जणू मी रागाने आपटली. पण या दोहोंच्या मध्ये आपल्याकडे आणखी एक पायरी आहे: ‘माझ्या हातून बरणी फुटली’. तीत हात माझा आहे, हेतू नाही. सेन्सेईंनी जे वाक्य शिकवले ते मला लहानपणापासून येत होते. माझ्या आजीच्या बोलण्यात ‘माझ्याकडून चुकलं हो’ रोजचे होते. ते माझ्या तोंडातून कधी गेले, याचा विचार केला तर मला वाटते, कार्यालयात गेल्यावर. तिथली आमची मराठी ‘फाइल डिलीट झाली’, ‘मेल जायची राहिली’, ‘मिस झालं’ अशी असते आणि अहवालांची इंग्रजी तर कर्त्याला हद्दपार करण्यातच वाकबगार असते.

तक्ता पुन्हा भरला, या वेळी जपानीत. चौथ्या ‘का?’ पुढे लिहिले की नाव बदलायचे मी विसरले, आणि पाचव्यापुढे लिहिले की फाइलला तारखेचे नाव देण्याचा नियम आमच्याकडे नव्हता आणि तो करावा असे मी कधी सुचवले नव्हते. आमच्या साहेबांना हे आवडले नाही. “ ‘मी’ कशाला घातलंस? सिस्टीम एरर लिहून टाकायचं,” ते म्हणाले. तक्ता तसाच पाठवला. पलीकडून दोन ओळींचे उत्तर आले, तारखेच्या नावाचा नियम लागू झाला आणि जुन्या फाइलींना कुलूप बसले. कौतुक कोणी केले नाही आणि करण्यासारखे त्यात काही नव्हते. तीन दिवसांची मापे मात्र मला दोन रविवार जाऊन पुन्हा घ्यावी लागली.

एक गोष्ट मला तेव्हा चमत्कारिक वाटली. ‘माझ्याकडून गेली’ हे साहेबांना मराठीत सांगताना माझे कान तापले होते. तीच कबुली जपानीत लिहिताना मात्र हात थरथरला नाही. पुढे वाचताना शिकागो विद्यापीठातल्या बोआझ कायसर आणि सहकाऱ्यांचा २०१२ सालचा अभ्यास सापडला. एकच पेच ‘इतके जण वाचतील’ असा मांडला की ‘इतके जण मरतील’ असा मांडला, यावरून मातृभाषेत माणसांचे निर्णय बदलतात; शिकलेल्या परक्या भाषेत मात्र तो फरक जवळजवळ पुसला जातो. या अभ्यासात जपानी शिकलेले अमेरिकी विद्यार्थीही होते. परक्या भाषेतले शब्द मनाला तितके चिकटत नाहीत, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. माझ्या तापलेल्या कानांना ते पटले.

दुसरा अभ्यास माझ्या चुकीच्या अधिक जवळचा होता. केटलिन फॉसी, लेरा बोरोडित्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये इंग्रजी आणि जपानी बोलणाऱ्यांना लहान लहान घटनांच्या चित्रफिती दाखवल्या. काहींत माणूस मुद्दाम वस्तू मोडतो, काहींत चुकून. चुकून झालेल्या घटना सांगताना इंग्रजी बोलणारे ‘त्याने मोडली’ असे अधिक वेळा म्हणाले आणि जपानी बोलणारे त्यामानाने कमी. त्या अपघातांतला माणूस कोण होता हेही इंग्रजी बोलणाऱ्यांनी जास्त चांगले लक्षात ठेवले. मुद्दाम केलेल्या कृतींत असा फरक नव्हता. हे वाचून मी गोंधळले, कारण सेन्सेई तर जपानीत कर्त्याला पुढे आणायला सांगत होत्या. त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “ते दुसऱ्याच्या चुकीबद्दल झालं. स्वतःच्या चुकीबद्दल बोल.” म्हणजे परक्याचे ‘फुटले’ म्हणायचे आणि आपले ‘माझ्याकडून फुटले’. भाषा डोक्याला कुलूप घालते असे मला या सगळ्यावरून वाटत नाही. दोन्ही वाक्ये दोन्ही भाषांत होतातच. फरक कुठले वाक्य आधी जिभेवर येते एवढाच आहे, आणि दुसरी भाषा शिकताना ते आधी येणारे वाक्य काही काळ अडते. त्या अडण्याच्या जागेतून मला माझी मराठी दिसली.

मे महिन्यात लोणच्याच्या दिवसांत सासूबाईंची चिनी मातीची मोठी बरणी ओट्यावरून निसटली. मी स्वयंपाकघरात, त्या बाहेर कैऱ्या पुसत बसलेल्या. आवाज ऐकून त्यांनी विचारले, “कोणती गं?” कोणी फोडली, असे त्यांनी विचारले नाही, आमच्याकडे ते कोणीच विचारत नाही. माझ्या तोंडात ‘मोठी फुटली’ तयार होते. ते तिथेच थांबले आणि दोन क्षणांनी मी म्हणाले, “मोठी. माझ्या हातून फुटली.” त्या म्हणाल्या, “लागलं नाही ना?” आणि जुने वर्तमानपत्र घेऊन तुकडे गोळा करायला आत आल्या. ती बरणी त्यांच्या आईची होती, हे त्यांनी आठ दिवसांनी सांगितले.

एन-३ ची परीक्षा १ डिसेंबर २०२४ रोजी दिली आणि नापास झाले. कसे, ते सविस्तर सांगते, कारण या खड्ड्यात पुष्कळ जण पडतात. एन-३ ला १८० पैकी ९५ गुण लागतात, पण शब्द-व्याकरण, वाचन आणि श्रवण या तिन्ही भागांत ६० पैकी किमान १९ वेगवेगळे मिळावे लागतात. मला ४३, ४१ आणि १७ मिळाले. बेरीज १०१, निकाल अनुत्तीर्ण. हे गुण उत्तरे मोजून सरळ दिलेले नसतात, काठिण्य पाहून बसवलेले असतात, त्यामुळे किती प्रश्न चुकले याचा हिशेब घरी बसून करण्यात अर्थ नाही. मी तो चार दिवस केला.

श्रवण बुडण्याची कारणे दोन होती. पहिले अगदी साधे: सराव मी कंपनीच्या बसमध्ये इअरफोन लावून केला होता आणि परीक्षेत आवाज एका स्पीकरमधून, पंख्याच्या घरघरीत, मोठ्या खोलीत येतो. संवाद एकदाच ऐकवतात. दुसरे कारण मला आवडते, गुण गेले तरी. मी प्रत्येक वाक्याच्या शेवटी क्रियापदाची वाट बघत होते आणि जपानी माणसे नेमके तेच पुष्कळदा गिळतात. ‘दोयोबि वा चोत्तो...’ म्हणजे ‘शनिवारी जरा...’, आणि वाक्य संपले. नकार देऊन झाला. मराठीत कोणी ‘शनिवारचं जरा...’ म्हणून थांबले तर मी कधीच पुढच्या शब्दाची वाट बघणार नाही. ‘बरं बरं, पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणेन. मराठीत जे कान करतात ते जपानीत मी डोक्याने करू पाहत होते.

फेब्रुवारी २०२५ पासून रोज सकाळी वीस मिनिटे स्वयंपाक करताना एनएचके या जपानी वाहिनीच्या सोप्या बातम्या आणि जुने श्रवण-संच मोबाइलच्या स्पीकरवर, मुद्दाम एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून, ऐकू लागले. लेक म्हणायची, “आई, कुकरच्या शिट्ट्या तरी मोज.” रविवारी कधी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जाऊन बसायचे. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली ती बाग आहे आणि पुलावर उभे राहून फोटो काढणारी गर्दी सोडली तर वाचायला शांत आहे. क्लास पुन्हा लावला नाही, पैसे नव्हते असे नाही, पण गरज वाचून घेण्याची नव्हती, ऐकण्याची होती.

जुलैच्या परीक्षेचा अर्ज भरताना नावाचा घोळ पुन्हा होऊ नये म्हणून मी २०२२ची ती मेल शोधून काढली. ‘माझ्या अर्जात आडनाव चुकीचे पडले आहे, तरी दुरुस्ती व्हावी.’ पडले आहे! जणू छपरावरून कौल पडावे तसे ते आडनाव अर्जात येऊन पडले होते आणि मी नुसती खालून जात होते. हसले आणि अर्ज पासपोर्ट समोर ठेवून भरला.

६ जुलै २०२५ ला सकाळपासून पाऊस होता. रिक्षा मिळायला वेळ लागणार हे धरून तासभर आधी निघाले. श्रवणाच्या भागाला उशीर झाला तर आत घेत नाहीत. शब्दांचा भाग ३० मिनिटांचा, व्याकरण-वाचनाचा ७० आणि श्रवणाचा ४० मिनिटांचा. मधल्या सुट्टीत काही खाऊन घ्यावे. मी गूळपोळी नेली होती. ऐकताना एकाही वाक्याचे मराठी केले नाही, किंवा केले असेल तर मला कळले नाही. ऑगस्टच्या अखेरीस निकाल लागला: ३६, ३१ आणि ३८, बेरीज १०५. प्रमाणपत्र नंतर हाती येते आणि त्याला मुदत नसते. क्लासचे ४४ हजार, पुस्तकांचे साडेचार हजार आणि चार वेळचे परीक्षा शुल्क धरून एकूण खर्च साठ हजारांच्या आत राहिला.

निकाल लागला त्या शनिवारी पेढे घेऊन सेन्सेईंकडे गेले. वाक्य वाटेतच तयार केले होते, ‘उकारिमाशिता’, पास झाले. दारातच म्हणून टाकले. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारले, “हे कोणतं क्रियापद?”

‘उकारु’, अकर्मक. ‘फुटणे’, ‘विझणे’ यांच्या रांगेतले. मी ते सांगितले आणि विचारले, मग इथे मी कुठे आहे?

“इथं नसलीस तरी चालतं,” त्या म्हणाल्या. “चूक असली की पुढं यायचं, बरं झालं की मागं सरायचं. लग्न ठरलं की आपण काय म्हणतो? ठरलं म्हणतो ना? ठरवलं म्हणतो का? जपानी माणसंही ‘कोतो नि नारिमाशिता’च म्हणतात. आता पुन्हा सांग, आणि आधी ‘ओकागेसामा दे’ लाव.”

तुमच्या कृपेने. मी बाहेर जाऊन चपला पुन्हा घातल्या, बेल वाजवली आणि पूर्ण वाक्य म्हटले. त्यांनी दार उघडे ठेवून आत चहाचे आधण टाकले आणि तिथूनच विचारले की डिसेंबरचा एन-२ चा अर्ज भरणार का. मी म्हणाले, “या वर्षी जरा...”

“बरं बरं,” त्या म्हणाल्या.